फोटोची पाठ वाचायला शिका

स्टुडिओत काढलेला फोटो घरी आला की पूर्वी घरातला लिहिता-वाचता येणारा माणूस तो आधी उलटा करून पाहायचा. पाठीमागे स्टुडिओचा रबरी शिक्का असायचा आणि त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवायचे, अमक्याचे लग्न, अमके गाव, अमकी तारीख. पुढे रोलचे कॅमेरे आले तेव्हा फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटू लागली. (कॅमेऱ्यात तारीख लावलेलीच नसली तर ती चुकीचीही उमटायची, ही गोष्ट वेगळी!) आता बहुतेक फोटो कागदावर येतच नाहीत. ते मोबाईलमध्येच राहतात, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवले जातात आणि वर्षभरात हजार फोटोंच्या ढिगात हरवून जातात. ज्याला पाठच नाही, त्याच्या पाठीवर लिहायचे कुठे?

वाचकहो, आजच्या फोटोलाही पाठ आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. मोबाईलचे बटण दाबले की चित्राबरोबर त्याच फाइलच्या पोटात एक छोटा तक्ता भरला जातो. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटे आणि किती सेकंदांनी काढला, कोणत्या कंपनीच्या कोणत्या मोबाईलने काढला, फ्लॅश पडला की नाही, मोबाईल उभा धरला होता की आडवा, हे सर्व त्यात लिहिलेले असते. मोबाईलमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल, तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. या माहितीला मेटाडेटा म्हणतात, म्हणजे माहितीविषयीची माहिती. फोटोमध्ये ती ज्या ठरलेल्या पद्धतीने लिहिली जाते तिचे नाव एक्झिफ. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली हे नियम ठरवले आणि आज जगभरचे मोबाईल व कॅमेरे तेच पाळतात.

कचेरीत काम केलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. अर्ज आला की कारकून त्यावर आवक क्रमांक टाकतो, तारखेचा शिक्का मारतो. अर्जातला मजकूर कितीही खरा असो, शिक्का नसेल तर "हा अर्ज आमच्याकडे आलाच नाही" असे म्हणायला साहेब मोकळा असतो. मेटाडेटा म्हणजे फोटोवरचा आवक शिक्का समजा.

हा शिक्का पाहायचा कसा? त्यासाठी कोणतेही महागडे सॉफ्टवेअर नको. विंडोजच्या संगणकावर पिवळ्या फोल्डरचे चित्र असते, त्याला फाइल एक्सप्लोरर म्हणतात. फाइली ठेवणे, हलवणे, शोधणे हे त्याचे काम. त्यात फोटोवर माउसचे उजवे बटण दाबावे, यादीतून ‘प्रॉपर्टीज’ निवडावे आणि उघडलेल्या चौकटीत वर ‘डिटेल्स’ लिहिलेले असते तेथे क्लिक करावे. खाली सरकत गेले की सगळा तक्ता दिसतो. घरात एमएस-सीआयटी केलेली मुलगी किंवा मुलगा असेल तर दोन मिनिटांचे काम आहे. अॅपलच्या संगणकावर फाइंडरमध्ये ‘गेट इन्फो’ असते आणि लिनक्सवर डॉल्फिन नावाचा फाइल मॅनेजर बाजूच्या पट्टीत ही माहिती दाखवतो. संगणक नसेल तरी अडत नाही. गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून बोट खालून वर सरकवावे. आयफोनवर फोटोखालच्या ‘आय’ या खुणेवर बोट ठेवावे.

फाइल एक्सप्लोररमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. फाइलींची यादी ‘डिटेल्स’ या मांडणीत उघडली की वर नाव, तारीख, आकार असे रकाने दिसतात. त्या रकान्यांच्या नावावर उजवे बटण दाबले की आपल्याला हवे ते रकाने वाढवता येतात. त्यात ‘डेट टेकन’ हा रकाना घ्यावा आणि त्यावर क्लिक करावे. लग्नात मामाच्या, काकूच्या आणि नवरदेवाच्या मित्राच्या अशा तीन मोबाईलवर काढलेले फोटो एका फोल्डरमध्ये टाकले, तरी हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे ओळीने लागतात. तिघांच्या मोबाईलची घड्याळे बरोबर असली म्हणजे झाले.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. संगणक एकाच फोटोला तीन तीन तारखा दाखवतो. ‘डेट क्रिएटेड’ म्हणजे ही प्रत या संगणकावर केव्हा तयार झाली ती तारीख. ‘डेट मॉडिफाइड’ म्हणजे फाइलमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला ती. आणि ‘डेट टेकन’ म्हणजे फोटो प्रत्यक्ष केव्हा काढला ती. पहिल्या दोन तारखा संगणकाच्या दप्तरातल्या आहेत, तिसरी मात्र फोटोच्या पोटातली. २०१९ मध्ये काढलेला फोटो आज पेन ड्राइव्हवरून नव्या संगणकावर उतरवला, तर ‘क्रिएटेड’ आजची आणि ‘मॉडिफाइड’ २०१९ ची दिसते. म्हणजे बाळ आधी रांगले आणि मग जन्मले! याच गोंधळात कोणी म्हणतो, "तुमचा फोटो तर आजचाच दिसतो." अशा वेळी ‘डेट टेकन’ दाखवावी. तो रकाना रिकामा असेल, तर मात्र फोटोची पाठ वाटेत कोणीतरी पुसलेली आहे असे समजावे.

आणि ती पुसणारा बहुतेक वेळा आपलाच लाडका व्हॉट्सअॅप असतो.

व्हॉट्सअॅपवरून फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लहान केला जातो आणि त्याबरोबर आतला तक्ताही काढून टाकला जातो. तारीख गेली, मोबाईलचे नाव गेले, ठिकाण गेले. पलीकडच्या माणसाला मिळते ते नुसते चित्र, शिक्का नसलेली झेरॉक्स. त्याच्या मोबाईलमध्ये त्या फाइलचे नाव ‘आयएमजी-२०२४०७२५-डब्ल्यूए०००७’ अशा धर्तीचे असते. त्यातली तारीख फोटो काढल्याची आहे असे अनेकांना वाटते. ती असते फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवल्या-मिळाल्याची. पाच वर्षांपूर्वीचा फोटो कोणी आज पाठवला तर नावात आजचीच तारीख पडते. दंगलीच्या, अपघाताच्या जुन्या फोटोंना कालचे म्हणून फिरवणाऱ्यांचे यामुळेच फावते.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. एका वस्तीत पावसाळ्यात गटाराचे पाणी घरात शिरले. धान्य भिजले, गाद्या भिजल्या, मुलांची वह्या-पुस्तके गेली. पोरांनी भराभर फोटो काढून ग्रुपवर टाकले. आठ दिवसांनी पंचनाम्याची वेळ आली तेव्हा अधिकाऱ्याने विचारले, "हे फोटो यंदाचेच कशावरून? गेल्या वर्षीही येथे पाणी भरले होते." ग्रुपवरच्या चाळीस फोटोंपैकी एकाच्याही पोटात तारीख नव्हती. ज्याने सर्वांत चांगले फोटो काढले, त्याने मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून मूळ फोटो खोडून टाकले होते, "ग्रुपवर आहेतच की!" म्हणून. शेवटी एका बाईच्या साध्या मोबाईलमध्ये पाच मूळ फोटो सापडले. तिने काहीही खोडलेले नव्हते, कारण तिला खोडता येत नव्हते. त्या पाच फोटोंची तारीख आणि वेळ जागेवरच दाखवता आली.

म्हणून महत्त्वाचा फोटो पाठवायचा असेल तर व्हॉट्सअॅपमधल्या टाचणीच्या खुणेवर बोट ठेवून ‘डॉक्युमेंट’ निवडावे आणि त्यातून फोटो पाठवावा. मग तो जसाच्या तसा जातो, पाठीसकट. ईमेलला फाइल म्हणून जोडला, केबलने किंवा पेन ड्राइव्हने दिला, तरीही सर्व माहिती टिकते. आणि मूळ फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवावा. त्यावर चौकट, फुले, "जाहीर निषेध" वगैरे जे काही सजवायचे असेल ते प्रतीवर सजवावे.

सरकारसुद्धा आता फोटोची पाठ पाहूनच पैसे सोडते. ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराच्या बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावर ठिकाण आणि वेळ नोंदलेले फोटो अॅपमधून चढवले जातात आणि हप्ते त्याला जोडलेले असतात. जे शासन आपल्याकडून अशी नोंद मागते, त्याच्यापुढे आपणही तारखेसकट फोटो ठेवायला शिकले पाहिजे.

आता कोर्टाचे पाहू. जालना विधानसभा मतदारसंघाची २०१४ ची निवडणूक अवघ्या २९६ मतांनी ठरली होती. उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर घेतला गेला, असा आक्षेप घेऊन प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण हा त्यातला मोठा पुरावा ठरला. प्रश्न वेळेचाच होता! अर्ज देणाऱ्याने चित्रणाच्या सीडी मिळवल्या, पण कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात सांगितले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर प्रमाणपत्र हवेच. मात्र ज्या मोबाईलमध्ये किंवा संगणकात मूळ नोंद आहे तो मालकाने स्वतः कोर्टात हजर करून ते उपकरण आपले आहे आणि मूळ नोंद त्यातच आहे असे सांगितले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. अडवणूक होत असेल तर प्रमाणपत्र द्यायला लावण्याचा अधिकारही कोर्टाला आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये हीच तरतूद आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा ना. संपूर्ण फाइलवरून गणित करून एक लांबलचक आकडा निघतो. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी सगळा आकडा बदलतो. म्हणजे मूळ फोटो थोडासा उजळ केला, कडा कापल्या, तरी तो मूळ राहत नाही. वकिलाकडे जाण्याआधी फोटो ‘छान’ करून नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

याचा अर्थ ‘डेट टेकन’ म्हणजे ब्रह्मवाक्य, असा मुळीच नाही. त्याच डिटेल्सच्या चौकटीत तारखेवर क्लिक करून दुसरी तारीख लिहिता येते, इतके ते सोपे आहे. मोबाईलचे घड्याळ मागे-पुढे करूनही फोटो काढता येतो. दुसऱ्याने दाखवलेला फोटो पाहतानाही हे ध्यानात ठेवावे. एकट्या फोटोवर विसंबू नये. त्याच वेळी काढलेले मागचे-पुढचे फोटो, दुसऱ्याच्या मोबाईलमधले फोटो, त्या दिवशी दिलेल्या अर्जाची पोच, हे सगळे एकमेकांशी जुळले की मग कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. ‘प्रोग्रॅम नेम’ या ओळीत फोटो सजवण्याच्या एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव दिसले तर फोटोवर कोणाचा तरी हात फिरला आहे, एवढे तरी कळते.

व्हिडिओची गोष्ट थोडी निराळी. डिटेल्समध्ये त्याची लांबी, चित्राची रुंदी-उंची, सेकंदाला किती चित्रे, हे दिसते आणि तारखेच्या जागी ‘मीडिया क्रिएटेड’ असते. मोबाईलचे व्हिडिओ बहुधा एमपी-फोर प्रकारचे असतात. नियमाप्रमाणे त्यात वेळ लिहिली जाते ती आपली नव्हे, जागतिक वेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. (आणि ती मोजतात १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत! ज्यात वेळ भरलेलीच नाही असा व्हिडिओ काही सॉफ्टवेअरमध्ये १९०४ सालचा दिसतो तो त्यामुळे.) विंडोज हा साडेपाच तासांचा हिशेब स्वतः करून दाखवते. पण मीडियाइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तोच व्हिडिओ उघडला तर दुपारी साडेबाराची घटना सकाळी सातची दिसू शकते. समोरच्या वकिलाने त्यावरून "साक्षीदार खोटे बोलतो" असा आरडाओरडा केला, तर उत्तर आपल्याला माहीत असले पाहिजे.

ठिकाणाची नोंद हे मात्र दुधारी शस्त्र आहे. तुंबलेल्या गटाराच्या फोटोत ठिकाण असलेले बरे. पण घरात काढलेल्या लहान मुलीच्या फोटोत ते कशाला हवे? डिटेल्समध्ये ‘जीपीएस’ या मथळ्याखाली अंश, मिनिटे, सेकंद असे आकडे दिसतात. मुंबई म्हटली की १९ आणि ७२ हे अंश येतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि येथे तर सेकंदाचेही अपूर्णांक लिहिलेले असतात. म्हणजे नुसते गाव कळत नाही, चाळ कळते. व्हायरस पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे ज्याचे नाव जगभर झाले तो जॉन मॅकॅफी २०१२ साली बेलिझ देशाच्या पोलिसांना चुकवत लपला होता. डिसेंबरमध्ये एका मासिकाने त्याच्याबरोबर काढलेला फोटो इंटरनेटवर टाकला आणि त्या फोटोच्या पोटातल्या आकड्यांवरून तो शेजारच्या ग्वाटेमालात आहे हे जगाला कळले. दोन दिवसांत तो पकडला गेला. संगणकाच्या सुरक्षिततेवर श्रीमंत झालेल्या माणसाची ही कथा, मग आपली काय?

लग्नासाठी मुलीचा फोटो स्थळांकडे पाठवताना, जुनी वस्तू विकायला फोटो टाकताना ही काळजी घ्यावी. मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण नोंदवण्याचा पर्याय असतो, तो एरवी बंद ठेवावा. आधीच काढलेल्या फोटोसाठी विंडोजच्या डिटेल्सच्या चौकटीत सर्वांत खाली ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’ अशी ओळ असते. तिच्यातून माहिती काढून टाकलेली वेगळी प्रत तयार होते. ती प्रत पाठवावी, मूळ घरी ठेवावे. व्हिडिओच्या बाबतीत अधिक जपावे. त्यात ठिकाण लिहिलेले असले तरी विंडोजच्या डिटेल्समध्ये ते बहुधा दिसत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. फेसबुक, इन्स्टाग्राम पाहणाऱ्याला हे आकडे दाखवत नाहीत हे खरे, परंतु आपण कंपनीच्या हाती काय दिले तो भाग उरतोच.

शेवटी पेन्सिलीकडे येतो. ट्रंकेत, अल्बममध्ये जे जुने फोटो उरले आहेत, ते आता घरोघरी मोबाईलने किंवा स्कॅनरने संगणकावर घेतले जात आहेत. चांगलेच आहे. पण अशा फोटोच्या पोटात तारीख पडते ती फोटोचा फोटो काढल्याची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आजी संगणकाच्या लेखी २०२५ ची होते. आणि फोटोत तिच्या शेजारी उभी असलेली बाई कोण, हे सांगणारे माणूस घरात आता एकच उरलेले असते.

त्या माणसाला शेजारी बसवावे. फोटो जेपीजी प्रकारात ठेवावा, पीएनजी प्रकारात विंडोज सहसा लिहू देत नाही. डिटेल्सच्या चौकटीत ‘टायटल’, ‘टॅग्ज’, ‘कॉमेंट्स’ अशा ओळी असतात. त्यांच्यापुढे क्लिक केले की लिहिता येते आणि मराठीतही लिहिता येते. टायटलमध्ये प्रसंग लिहावा. टॅग्जमध्ये डावीकडून उजवीकडे एकेक नाव, मध्ये अर्धविराम देऊन. बायकांची नावे विशेष काळजीने विचारून घ्यावीत, "अमक्याची बायको" एवढ्यावर थांबू नये. कॉमेंट्समध्ये गाव, अंदाजे साल, आणि सांगणाऱ्याचे नाव. ‘डेट टेकन’ बदलून जुनी तारीख घालता येते, पण नक्की दिवस माहीत नसेल तर अंदाजाचे साल कॉमेंट्समध्येच लिहिलेले बरे. काही झाले तरी मागाहून लिहिलेला मजकूर मागाहून लिहिलेलाच दिसावा.

हे फोटो ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये ठेवले की वरच्या शोधण्याच्या चौकटीत आजीचे नाव टाइप करावे. ज्या ज्या फोटोला ते नाव लिहिले आहे, ते सगळे एका जागी येतात. भावाबहिणींना द्यायचे असतील तर पेन ड्राइव्हवर घालून द्यावेत किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. ग्रुपवर नुसते टाकले तर आजी पोचेल, तिचे नाव पोचणार नाही.